फुलांची चीट आणि धुण्याची खोली

फुलाफुलांचं जुनं कापड घरात कुठे लावू असं कुणी विचारलं की मी सांगते, वॉशिंग मशीन जिथे आहे तिथे लाव. यावर लोक आधी हसतात, मग त्यांना वाटतं ही टाळतेय. म्हणजे इतकी वर्षं जपून ठेवलेली गुलाबांची चीट, म्हणजे छापील सुती कापड, आणि ती न्यायची कुठे, तर जिथे मळके मोजे आणि ओले टॉवेल पडलेले असतात तिथे? हॉल नाही का, बेडरूम नाही का? पण मी हे अगदी गंभीरपणे सांगते, स्वतःच्या घरी तसंच केलंय, आणि त्यामागे माझा एक हट्ट आहे जो आज सविस्तर लिहून काढायचा विचार आहे कारण तोंडी सांगायला गेलं की समोरचा अर्ध्यात फोन बघायला लागतो.

आधी खोली. खोली म्हणणंही जरा जास्तच होईल. मशीन, शेजारी एक खोल सिंक, वर डिटर्जंट आणि ब्रशची फळी, भिंतीवरून गेलेले पाइप, एक लहानशी खिडकी आणि दारामागे टेकवून ठेवलेलं इस्त्रीचं टेबल, एवढंच. घराला रंग देताना जो डबा शेवटी उरतो तो अशा खोलीला मिळतो, आणि ट्यूबलाइट अशी की तिच्या उजेडात धडधाकट माणूसही आजारी दिसावा. आता खरं बघायला गेलं तर आपण इथे केवढा वेळ काढतो! पांढरे-रंगीत वेगळे करा, खिसे तपासा, कॉलरी घासा, शेवटची पिळणी संपायची वाट बघत उभे राहा, मग घड्या घाला. पाहुण्यांसाठी सजवलेल्या सोफ्यावर मी स्वतः कितीशी बसते? तरी सगळा खर्च आणि सगळी हौस तिकडे, आणि इकडे काय तर एक खिळा.

कापड आलं मावशीकडून. तिनं माळा आवरायला काढला आणि मला फोन केला, "ये आणि घेऊन जा गं सगळं, मला आता ते बघवतही नाही आणि टाकवतही नाही." ट्रंकेत होते जाड सुती पडदे, त्यांच्यावर पंज्याएवढे गुलाब. बारीक जांभळ्या फुलांचं मऊ लॉनचं, म्हणजे पातळ सुती कापड, फ्रॉकसाठी घेतलेलं आणि कधीच न शिवलेलं. एक टेबलक्लॉथ, काही अभ्रे, आणि एक चकचकीत चिटाचा तुकडा जो कशासाठी आणला होता ते मावशीलाही आठवेना. मी ते सगळं घरी आणून पसरलं तेव्हा पडद्यांवरची पानं बघत बसले. घडीत आत राहिलेली पानं चांगली हिरवीगार होती आणि ज्या पट्ट्यावर वर्षानुवर्षं ऊन पडलं होतं तिथली पानं चक्क निळसर झाली होती. गुलाब तेच, देठ तेच, पानं मात्र निळी.

हे माझ्या पडद्यापुरतं नाही. जगभरच्या म्युझियममध्ये सतराव्या-अठराव्या शतकातली जी भारतीय चीट ठेवली आहे तिच्यावरही अशीच निळी पानं दिसतात. त्या काळी हिरवा रंग एकदम मिळत नव्हता, निळीवर पिवळा चढवला की हिरवं व्हायचं. नीळ चिवट, शेकडो वर्षं टिकली, वरचा पिवळा बिचारा उन्हानं आणि धुण्यानं उडून गेला. त्यामुळे आज आपण ती निळी पानं बघून म्हणतो काय कल्पक कारागीर होता, आणि तो वरून बघत असेल तर म्हणत असेल अरे बाबांनो मी हिरवीच केली होती!

तर माझा हट्ट. छापील फुलांच्या कापडानं जग जिंकलं ते सुंदर होतं म्हणून नाही, म्हणजे सुंदर होतंच, पण सुंदर कापडं युरोपात आधीही होती. रेशीम होतं, भरतकाम होतं, विणलेली बुट्टी होती. ती धुता यायची नाहीत एवढंच. लोकर आणि रेशमाचे भारी कपडे झटकायचे, घासायचे, डाग पडला तर त्यावर काहीबाही चोळायचं, पण बादलीत बुडवायची हिंमत नाही. आणि मग कोरोमंडल किनाऱ्यावरून, मछलीपट्टणम आणि आसपासच्या बंदरांतून, पोर्तुगीज आणि नंतर डच आणि इंग्रज कंपन्यांच्या जहाजांतून असं सुती कापड यायला लागलं की ज्याच्यावरचं लाल फूल धुतल्यावरही लालच राहतं. हलकं, झळझळीत आणि धुता येणारं! तिथल्या लोकांना ही जादूच वाटली असणार. रंग पक्का करायची विद्या आपल्या कारागिरांकडे होती, ती त्यांच्याकडे तितकीशी नव्हती, आणि सगळा व्यापार या एका गोष्टीवर उभा राहिला की ही फुलं पाण्याला भीत नाहीत.

आता जे कापड धुतलं जातं म्हणून नावाजलं गेलं, ते कपडे धुवायच्या खोलीत नाही तर कुठे शोभणार?

ते रंग पक्के कसे व्हायचे हे वाचलं तेव्हा मला आणखीच पटलं, कारण ती सगळी कृती म्हणजे अर्ध्याहून जास्त धुणंच आहे. कोरं कापड आधी धुवून स्वच्छ करायचं, मग हिरड्याच्या पाण्यात म्हशीचं दूध घालून त्यात भिजवायचं (दुधातल्या स्निग्धपणानं रंग पसरत नाही), वाळवायचं, घोटायचं. मग कलमानं रेघा काढायच्या, काळ्यासाठी लोखंडाचं द्रावण आणि लालसाठी तुरटी. इथे गंमत अशी की लाल म्हणून जे लावतात ते लाल नसतंच, तुरटी नुसती धाग्याला धरून बसते आणि पुढे कापड लाल मुळांच्या काढ्यात उकळलं की जिथे तुरटी तिथेच लाल चढतो. बाकीच्या जागेवर जो गुलाबीसर डाग येतो तो घालवायला पुन्हा धुणं, पुन्हा ऊन, पुन्हा पाणी मारणं. निळ्यासाठी बाकी सगळं मेणानं झाकायचं आणि कापड निळीत बुडवायचं, मग मेण काढायला परत गरम पाणी. पिवळा सगळ्यात शेवटी, वरून हातानं. गस्तों कर्दू नावाच्या एका फ्रेंच जेझुइट पाद्र्यानं १७४२ साली ही सगळी रीत पत्रात लिहून मायदेशी पाठवली, त्यानं ज्यांना ख्रिस्ती केलं होतं त्या कारागिरांकडूनच माहिती काढून. आजच्या भाषेत याला सरळ व्यापारी गुपित फोडणं म्हणतात, पण त्या पत्रामुळे आपल्यालाही ते कळलं, त्यामुळे मी त्या पाद्र्यावर पूर्ण रागावूही शकत नाही.

आणि या कापडाचा धसका किती घेतला होता म्हणता! फ्रान्सनं १६८६ साली छापील सुती कापडावर बंदी घातली, आणायचं नाही आणि आपल्या देशात छापायचंही नाही, आणि ती बंदी उठली थेट १७५९ साली. इंग्लंडमध्ये १७०० साली आयात होणाऱ्या छापील कापडावर कायदा आला, तरी बायका ऐकेनात, तेव्हा १७१९ च्या सुमाराला लंडनमधल्या विणकरांनी रस्त्यात चिटाचे झगे घातलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे फाडले, शाई आणि ॲसिड फेकलं. त्यांचीही पोटं या धंद्यावर होती हे खरं, पण राग कुणावर निघाला ते बघा. मग १७२१ साली ते कापड वापरण्यावरच बंदी आली, ती १७७४ मध्ये उठली. एका फुलाच्या झग्यासाठी इतकं. मी कधी कधी मशीनचं दार बंद करताना सिंकखालच्या त्या गुलाबांकडे बघते आणि वाटतं, एकेकाळी याच्यासाठी भर रस्त्यात मार खाल्लाय बायकांनी.

पुढची गोष्ट पटकन सांगते कारण ती मशीनची गोष्ट आहे आणि मला हाताची जास्त आवडते. १७५२ च्या आसपास आयर्लंडमध्ये तांब्याच्या पत्र्यावरून छपाई सुरू झाली, १७६० साली ओबेरकाम्फनं फ्रान्समध्ये जुई नावाच्या गावी कारखाना काढला, १७८३ मध्ये थॉमस बेलनं फिरत्या रुळानं कापड छापायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि मग फुलं स्वस्त झाली. स्वस्त झाली म्हणजेच सगळ्यांच्या घरात गेली. एकोणिसाव्या शतकात विल्यम मॉरिस या इंग्रज नक्षीकाराला त्या स्वस्त भडक मालाचा वीट आला आणि तो पुन्हा नीळ आणि वनस्पतींच्या रंगांकडे वळला. १८८१ साली त्यानं लंडनजवळ मर्टन अ‍ॅबीला जागा घेतली, का, तर बाजूनं वाँडल नदी वाहत होती आणि तिचं पाणी रंगाला चांगलं होतं. म्हणजे तो एवढा मोठा कलाकार, त्याचंही सगळं शेवटी पाणी चांगलं आहे का या प्रश्नावर येऊन थांबलं. कापड रंगवा, नदीत खळबळा, हिरवळीवर पसरून वाळवा. धुणंच की!

आता जुनं कापड हातात आलं की लगेच कात्री लावायची नाही. आधी ते आहे काय ते बघायचं. किनार बघा, किनारीला बरंच लिहिलेलं असतं. कंपनीचं नाव असतं, आणि पुष्कळदा रंगाचे छोटे ठिपके एका ओळीत असतात, तेवढे रंग छापताना वापरले. मावशीच्या पडद्याच्या किनारीवर ठिपक्यांची ती लांबच लांब ओळ बघून कळलं की नुसत्या गुलाबी पाकळीतच गुलाबीच्या किती छटा आहेत. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी बघा, ड्रेसचं सुती कापड ३६ इंचाच्या आसपास असेल तर ते बहुधा जुनं. किनारीवर "सॅन्फोराइज्ड" असा शिक्का असेल तर ते कापड कारखान्यातच आटवून आलेलं असतं आणि १९३० नंतरचंच असतं, कारण ती पद्धतच तेव्हाची. शिक्का नसेल तर ते आटणार असं धरूनच चालायचं आणि शिवायच्या आधी एकदा भिजवून घ्यायचं.

धागा कुठला हे कळायला किनारीचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघायचे. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राखाडी राख, पॉलिएस्टर असेल तर वितळून काळा कडक मणी. ही परीक्षा मला फार आवडते, दोन सेकंदात खरं-खोटं. फुलांच्या "व्हिंटेज" म्हणून फिरणाऱ्या कापडांत पॉलिएस्टरची भेसळ असलेलं पुष्कळ असतं. त्यातही वाईट काही नाही, फक्त ते कुठे लावायचं ते बदलतं, त्याबद्दल पुढे.

मग रंगाची परीक्षा. कोपरा ओला करायचा, पांढरं कापड त्यावर दाबून धरायचं, डाग उतरला तर ते कापड एकटंच थंड पाण्यात, हातानं. लोक सांगतात व्हिनेगर घाला, मीठ घाला, रंग पक्का होतो. सुती कापडावरचा सुटणारा रंग मीठ-व्हिनेगरनं बसत नाही, तो जेवढा मोकळा आहे तेवढा निघेपर्यंत निघतोच, म्हणून उगाच घराला वास लावू नका. क्लोरीनचं ब्लीच अजिबात नको. आणि एक गोष्ट जी डब्यावर मोठ्या अक्षरात नसते: बऱ्याच डिटर्जंटमध्ये कपडे जास्त पांढरे दिसावेत म्हणून चमक आणणारी द्रव्यं असतात. जुन्या चिटाची जमीन, म्हणजे फुलांमागचा भाग, कधीच शुभ्र नसते, ती सायीच्या रंगाची असते, आणि त्या द्रव्यांनी ती निळसर पांढरी होऊन बसते, मग फुलं वरून चिकटवल्यासारखी दिसतात. अशी द्रव्यं नसलेला साधा सौम्य साबण घ्या. त्या सायीच्या रंगातच सगळी मजा आहे.

चकचकीत चिटाचं मात्र वेगळं आहे. ती चकाकी म्हणजे खळ किंवा मेण लावून गरम रुळांखालून काढलेला मुलामा, पुष्कळ जुन्या कापडांवरची चकाकी धुतली की जाते. मावशीच्या त्या तुकड्याबद्दल मी बराच विचार केला. मग धुवूनच टाकला. चकाकी गेली, खाली जे कापड निघालं ते इतकं मऊ आणि शांत होतं की मला तेच आधीपेक्षा आवडलं. मावशीला नाही आवडलं, ती म्हणाली, "अगं त्याची ऐटच गेली." असेल.

कुठे काय लावलं ते सांगते. सिंकखाली पाइप, बादल्या, घासणी असा सगळा संसार असतो तो झाकायला गुलाबांचा पडदा. वर एक ताणलेली तार, त्यात ओवलेला, म्हणजे ओढला की बाहेर, धुवायला. पडद्याला कापड किती घ्यायचं यात लोक कंजूषपणा करतात, जेवढी रुंदी त्याच्या दुप्पट तरी घ्या, अडीचपट मिळालं तर उत्तमच, नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि तो पडदा न वाटता टांगलेला टॉवेल वाटतो. खालची कड जमिनीपासून चार बोटं वर, कारण या खोलीत पाणी सांडतं म्हणजे सांडतंच, आणि जमिनीला टेकलेलं सुती कापड वातीसारखं पाणी वर ओढतं.

भिंतीवर कापड लावायची एक छान पद्धत आहे, पातळ खळीत भिजवून सरळ भिंतीला चिकटवायचं, वाळलं की वॉलपेपरसारखं बसतं आणि नको झालं की ओलं करून सोलून काढता येतं, भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना तर वरदानच. पण धुण्याच्या खोलीत मी ती वापरली नाही. खळ म्हणजे कसरीची पंगत, आणि जिथे वाफ आणि ओल आहे तिथे बुरशीलाही आमंत्रण. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर सतत राहिली की बुरशी धरायला लागते, आणि बंद खोलीत ओले कपडे टांगले की तेवढी होतेच. म्हणून मी लाकडाच्या हलक्या चौकटी केल्या, त्यांच्यावर कापड ताणून मागून स्टेपल केलं आणि चौकटी भिंतीपासून जरा सुट्या राहतील अशा टांगल्या, मागून हवा खेळते. खिडकी उघडी ठेवते, एक्झॉस्ट लावलाय. सजावट वगैरे सगळं नंतर, आधी हवा. ज्या खोलीत हवा खेळत नाही तिथे जुनं कापड लावूच नका, आधी ओलीचं बघा.

ड्रायर असेल तर त्याच्या आसपास कापड नकोच. त्यातून निघणारी कापसाची लव भसकन पेटते, गरम हवेचा पाइप जिथून जातो तिथे पडदा, झालर, चौकट काहीही नको, आणि लवेची जाळी दर खेपेला साफ करायची. हे सजावटीच्या लेखात रुक्ष वाटेल पण सुंदर फोटोंमध्ये मी ड्रायरच्या डोक्यावर लोंबणाऱ्या झालरी बघितल्यात आणि पोटात गोळा आलाय.

बारीक जांभळ्या फुलांच्या लॉनचा खिडकीला अर्धा पडदा केला, नुसता खालच्या अर्ध्यावर. इतकं पातळ आणि घट्ट विणीचं कापड की उजेड त्याच्यातून गाळून येतो. असल्या बारीक फुलांच्या लॉनचं नाव निघालं की लिबर्टीचं नाव निघतंच, १८७५ साली लंडनमध्ये सुरू झालेलं ते दुकान, त्यांच्या लॉनला इथिओपियातल्या ताना सरोवराचं नाव आहे. माझं कापड त्यांचं नाही, किनारीला काहीच लिहिलेलं नाही, कुठल्या तरी बिननावाच्या गिरणीचं असणार, पण फुलं तितक्याच निगुतीनं काढलेली. कुणीतरी टेबलाशी बसून ती पाचपाच पाकळ्यांची फुलं काढली असतील आणि एकातून दुसरं निघत जाईल असं नक्षीचं गणित जुळवलं असेल, जोड कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही.

अभ्र्यांच्या पिशव्या झाल्या. अभ्रा म्हणजे तयार पिशवीच की, तोंडाशी नाडी ओवली की मळक्या कपड्यांची पिशवी. एक पांढऱ्यांची, एक रंगीतांची, आणि कोणती कुठली हे घरात कुणालाच लक्षात राहत नाही तो वेगळा विषय. पिशव्या करताना मला अमेरिकेतल्या धान्याच्या आणि पिठाच्या पोत्यांची आठवण येत होती. तिथे गेल्या शतकाच्या पूर्वार्धात पीठ आणि कोंबड्यांचं खाद्य सुती पोत्यांतून यायचं आणि बायका ती पोती धुवून उसवून त्यांचे फ्रॉक, पडदे, टॉवेल शिवायच्या. हे कंपन्यांच्या लक्षात आल्यावर त्यांनी पोतीच फुलाफुलांची छापायला सुरुवात केली, नावाचं लेबल असं की भिजवलं की निघून जाईल. मंदीच्या काळात आणि युद्धाच्या काळात कितीतरी पोरींचे चांगले कपडे या पोत्यांचे होते. विक्रीची युक्ती होती ती, मान्य, पण किती देखणी युक्ती.

इतकी वेगवेगळी फुलं एका खोलीत, गोंधळ नाही का होत? होऊ शकतो. मी नियम असा एकच पाळला की कापडाच्या जमिनीचा रंग सगळीकडे सायीचाच, आणि एक मोठं फूल, बाकी सगळी बारीक. दोन मोठी नक्षी समोरासमोर आली की भांडतात. भिंती पांढऱ्याही नाहीत ठेवल्या, पडद्यावरच्या सगळ्यात फिक्या हिरव्याचा रंग मिळवला, आणि ट्यूबलाइट काढून पिवळसर बल्ब लावला, त्यानं अर्धं काम झालं. बाकी भारंभार वस्तू नकोत, फ्रेम नकोत, "लाँड्री" लिहिलेल्या पाट्या तर नकोतच, मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाला तो कुठे आहे ते माहीत असतं.

अशा फुलांना नाकं मुरडणारेही पुष्कळ. १९९६ साली इंग्लंडमध्ये एका मोठ्या फर्निचर कंपनीची जाहिरातच होती की ती चीट फेकून द्या, आणि बायका गल्लीतून फुलांचे पडदे आणि उशा कचऱ्याच्या कंटेनरमध्ये टाकतायत असं दाखवलं होतं. त्यानंतर बराच काळ सगळीकडे राखाडी आणि पांढरं. म्हणजे एका शतकात फुलं घातली म्हणून मार, आणि दुसऱ्यात फुलं ठेवली म्हणून हसं. आणि आता पुन्हा फुलं आलीत, त्यामुळे मी आपलं कापडाकडे बघते, फॅशन काय म्हणते ते बघायला मला वेळ नाही.

मावशीचा खरा आक्षेप वेगळाच होता. ती बघायला आली, खिडकीच्या पडद्याला हात लावला आणि म्हणाली, "उडेल गं हा रंग सगळा." उडेलच. म्युझियममध्ये जुन्या कापडावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत, म्हणजे अगदीच मंद उजेड, आणि तेही थोडे महिने दाखवून परत कपाटात. माझ्या खिडकीतून त्याच्या कितीतरी पट उजेड येतो. पण ट्रंकेत तरी कुठे सुखात होतं ते? घडीच्या रेघेवर धागे तुटायला आले होते, लाकडाला टेकलेल्या बाजूला पिवळा पट्टा पडला होता. फार जुन्या चिटावर तर काळ्या-तपकिरी रेघाच आधी झिजून भोकं पडतात, कारण त्या रंगातलं लोखंड धाग्याला आतून खातं, उजेडात असो की अंधारात. म्हणजे ठेवलं तरी जाणार, वापरलं तरी जाणार. एखादं खरोखर दुर्मीळ, हातानं काढलेलं, दोनशे वर्षांचं कापड हाती लागलं तर माझा हा लेख विसरून ते सरळ जाणकाराकडे न्या, त्याला धुण्याच्या खोलीत आणू नका. पण गिरणीत हजारो वार छापलेलं पडद्याचं कापड पडदा होण्यासाठीच जन्माला आलंय. मी तिला म्हटलं, "मावशी, तू ते गुलाबांचे पडदे कशाला घेतले होतेस?" ती म्हणाली, "लावायला." मग थोडा वेळ थांबून, "तेव्हा घराला खिडक्याच कमी होत्या."

एवढं मात्र तिचं ऐकलं की खिडकीच्या पडद्याला मागून साधं पांढरं अस्तर लावलं, उन्हाचा मार त्याच्यावर जाईल, आणि पडद्याच्या दोन्ही बाजू आलटून पालटून करते म्हणजे एकच पट्टा उडणार नाही. उजेड पूर्वीसारखा गाळून येत नाही, थोडा कमी झाला, चालतंय.

आता राहिलंय इस्त्रीच्या टेबलाचं कव्हर. त्याला शंभर टक्के सुतीच हवं, पॉलिएस्टरची भेसळ असलेलं कापड गरम इस्त्रीखाली आधी चमकायला लागतं आणि मग चिकटतं, म्हणून तिथे मणी-राखेची परीक्षा दिल्याशिवाय कुणाला प्रवेश नाही. टेबलक्लॉथ पास झालाय. भेसळीचा एक अभ्रा नापास झाला, त्याची चिमट्यांची पिशवी होईल, दोरीवर लटकायला ते कापड उलट बरं, लवकर वाळतं. कव्हरसाठी मी टेबलक्लॉथचा मधला भाग घ्यायचा म्हणते कारण तिथे फुलांचा गुच्छ पूर्ण आहे, आणि मावशी म्हणते मधला भाग घेऊ नकोस, इस्त्रीनं तो करपेल, कडेची वेल घे. फोनवर हा वाद चालू आहे. तिनं आता तिच्याकडची कात्री पाठवतेय म्हणून सांगितलंय, माझी कापड ओढते असं तिचं म्हणणं.